सप्टेंबरातल्या एका शनिवारसाठी

जूनच्या मध्यावर डेलियाचं रोप गुडघ्याला टेकायला आलेलं असतं. पानांच्या चार-पाच जोड्या झालेल्या असतात, मधला शेंडा रसरशीत असतो, आणि नेमका तोच शेंडा दोन बोटांत धरून खुडायचा असतो. पहिल्या वर्षी माझा हात धजला नाही. मार्चपासून जिवापाड जपलेलं रोप, मे महिन्यात रोज सकाळी बाहेर आणि संध्याकाळी आत नेऊन थंडीवाऱ्याला सरावलेलं. त्याला आपण होऊन इजा कशी करायची? शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा बांधावर उभे होते. चाळीसहून अधिक वर्षं ते डेलिया लावत आले आहेत. त्यांनी माझी समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "तुझा शो कधी आहे?" मी म्हटलं, सप्टेंबरचा दुसरा शनिवार. त्यांनी मनातल्या मनात मागे मोजलं आणि म्हणाले, "मग आजच खुड."

हे पुस्तक त्या एका प्रश्नातून उभं राहिलं आहे.

माझं आजोळ तासगावचं, द्राक्षबागांचं. मामांच्या घरी महिने-तारखा कुणी बोलत नसे. "छाटणीपासून पंचेचाळिसावा दिवस" ही तिथली भाषा. दिवस मोजण्याची सवय त्यामुळे मला नवी नव्हती. पण मामांची मोजणी छाटणीपासून पुढे चाले. इथे यॉर्कशायरमध्ये मला ती उलटी शिकावी लागली. शोची, म्हणजे फुलांच्या स्पर्धेची, तारीख वर्षभर आधी छापून येते आणि पाऊस आला, ऊन पडलं, आपण आजारी पडलो तरी ती हलत नाही. लग्नाचा मुहूर्त धरून घर जसं तयारीला लागतं तसं त्या तारखेपासून मागे यायचं. त्या शनिवारी फूल पूर्ण उमलून ताजं हवं, तर कळी ऑगस्टच्या सुरुवातीला वाटाण्याएवढी हवी. त्यासाठी तिची फांदी जूनच्या मध्यापासून वाढायला हवी, म्हणून शेंडा तेव्हाच खुडायचा. रोप जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमिनीत हवं. त्याआधी लावलं तर एखाद्या रात्रीचं गोठलेलं दहिवर ते जाळून टाकतं. म्हणजे कलम मार्चच्या सुरुवातीला काढायचं, कंद जानेवारीअखेर उबेत ठेवून जागा करायचा, आणि त्याआधी तो हिवाळाभर न कुजता टिकायला हवा. सप्टेंबरच्या फुलाचं भवितव्य असं आदल्या नोव्हेंबरात ठरतं.

ज्यांनी इंग्लंडमधली अ‍ॅलॉटमेंट पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. घरामागे पुरेशी जागा नसलेल्या माणसाला नगरपालिका वार्षिक भाड्याने शेतीचा एक तुकडा देते. औद्योगिक शहरांतल्या कामगारांच्या गरजेतून ही पद्धत रुजली. 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देणं पालिकांवर बंधनकारक झालं. पूर्ण प्लॉटचं माप आजही 10 रॉड असं सांगतात. हे माप कानाला परकं वाटेल, पण एकराचा तो सोळावा भाग, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. आपला गुंठाही एकराचाच चाळिसावा हिस्सा असल्यामुळे हिशोब इतका नेमका बसतो. पहिल्यांदा प्लॉट पाहून घरी फोन केला तेव्हा वडिलांना मी "अडीच गुंठे मिळाले" असं सांगितलं आणि त्यांना दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही.

या जमिनीचा पहिला हक्कदार मात्र भाजीपाला. 1922 च्या कायद्यातल्या व्याख्येनुसार अ‍ॅलॉटमेंट ही पूर्णतः किंवा मुख्यतः स्वतःच्या कुटुंबासाठी भाजी आणि फळं पिकवण्याची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात तर विजयासाठी खणा, असा सरकारचाच नारा होता आणि बागांची हिरवळसुद्धा बटाट्यांखाली आली. म्हणून बटाटे, कांदे, वाटाणा यांच्या ओळींना लागून डेलियाचे दोन वाफे, अशी इथली रचना दिसते. मला ती फार योग्य वाटते. कोबीच्या बाजूला वाढलेल्या डेलियाकडे माणूस पिकाच्या नजरेने पाहतो: खत किती, पाणी किती, ओळीत अंतर किती. शोमध्ये बक्षिसं घेणारी मी पाहिलेली बहुतेक माणसं अशा वाफ्यांतून आलेली आहेत.

फूल मूळचं मेक्सिकोचं. अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेतलं त्याचं एक नाव आकोकोत्ली. पाण्याची पोकळ नळी, असा काहीसा त्याचा अर्थ. हे नाव मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्यातलं शहाणपण कळायला एक हिवाळा जावा लागला. नोव्हेंबरात कंद खणून काढताना दांडा वीतभर ठेवून कापतात. तो आतून खरोखरच नळीसारखा पोकळ असतो. कंद सरळ ठेवला तर त्या नळीत पाणी साचून राहतं आणि थेट गड्ड्याच्या मानेत मुरतं. नवे डोळे याच मानेवर असतात. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाला तसे नसतात. मान कुजली की खालचे कंद कितीही भरदार असोत, त्यांतून पुन्हा कधी डीर फुटत नाही. म्हणून खणलेले गड्डे दोन-तीन आठवडे उलटे टांगायचे किंवा पालथे ठेवायचे. पहिल्या हिवाळ्यात मी ते सरळ ठेवले आणि अकरापैकी सात गमावले.

स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने 1570 साली मेक्सिकोला पाठवलेल्या फ्रान्सिस्को हर्नांदेझ या वैद्याने या झाडांचं वर्णन करून ठेवलं होतं. बी मात्र युरोपात पोचलं दोनशे वर्षांनी. 1789 मध्ये मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून व्हिसेंते सेर्व्हांतेस यांनी ते माद्रिदला पाठवलं. तिथल्या आबे काव्हानियेस यांनी 1791 मध्ये झाडाला नाव दिलं ते लिनियसचा स्वीडिश शिष्य आंद्रेस दाल याच्या स्मरणार्थ. दाल तेव्हा नुकताच वारला होता. पुढे एका जर्मन शास्त्रज्ञाने जॉर्जिना असं दुसरं नाव सुचवलं. रशियात या फुलाला आजही त्याच नावाने ओळखतात. इंग्लंडात 1804 मध्ये लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून बी पाठवलं आणि ते रुजलं. इंग्रज या फुलाला डेलिया म्हणतात आणि आपणही डेलियाच म्हणतो. या देशातल्या प्लॉटवर बोलताना मला उच्चार बदलावा न लागलेला हा विरळा शब्द.

सुरुवातीला युरोपला या झाडाचा कंद खायला उपयोगी पडेल अशी आशा होती. चव कुणाला रुचली नाही, आणि लोकांचं लक्ष फुलाकडे वळलं. त्यानंतर जे घडलं त्याचं कारण झाडाच्या पेशीत आहे. पुष्कळ सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या डेलियात आठ असतात. त्यामुळे एका फुलाच्या बियांतून दहा रोपं केली तर दहा तऱ्हा दिसतात, आईसारखं एकही निघेल याची खात्री नाही. नवी जात काढणारा माणूस शेकडो रोपं वाढवून एखादंच ठेवतो. आणि ते एक रोप जपायचं तर कंद किंवा कलम एवढेच मार्ग उरतात. 1872 मध्ये मेक्सिकोहून हॉलंडला आलेल्या कंदांच्या खोक्यात एकच कंद जिवंत होता, असं सांगतात. त्याला आलेल्या लाल फुलाच्या पाकळ्या मागे वळून टोकदार झाल्या होत्या. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांचं नाव त्याला मिळालं आणि आजच्या सगळ्या कॅक्टस डेलियांचं मूळ त्याच्याशी जाऊन भिडतं. नऊ वर्षांनी, 1881 मध्ये, ब्रिटनची नॅशनल डेलिया सोसायटी स्थापन झाली. वर्ग कोणते, मापं कोणती, चांगलं फूल कशाला म्हणायचं, याचे नियम या संस्थेने घालून दिले आणि गावोगावचे शो ते पाळतात.

या नियमांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. त्याला वाटतं, शो म्हणजे सर्वांत मोठं फूल. जायंट वर्गात ते काही अंशी खरंही आहे. तिथे फूल 250 मिलिमीटरहून मोठं असतं, जेवणाच्या ताटाएवढं, आणि शोच्या तंबूत शिरणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यापाशी थबकतो. पण बाकीच्या वर्गांत माप ओलांडणं हाच दोष. पॉम्पॉन हा सर्वांत लहान, पूर्ण गोल वर्ग. त्याची मर्यादा 52 मिलिमीटर. परीक्षकाच्या हातात तेवढ्या मापाचं कडं असतं. ते फुलावरून अलगद खाली उतरलं पाहिजे.

माझ्या पहिल्या शोमध्ये मी तीन पांढऱ्या पॉम्पॉनची एक फुलदाणी मांडली होती. आदल्या संध्याकाळी तिन्ही फुलं मी स्वतः मोजली होती, पन्नासच्या आत होती. परीक्षक आले, कडं पहिल्या फुलावरून उतरलं, दुसऱ्यावरून उतरलं. तिसऱ्यावर ते पाकळ्यांच्या ऐन फुगवट्यावर अडकून राहिलं. त्यांनी ते दाबलं नाही. हलकेच उचललं, फुलांकडे क्षणभर पाहिलं आणि माझ्या कार्डावर तीन अक्षरं लिहिली: एन. ए. एस. नॉट अ‍ॅज शेड्यूल, म्हणजे शोच्या नियमपत्रकात सांगितल्याप्रमाणे नाही. स्पर्धेतून बाद. त्या फुलदाणीला तिसरा क्रमांकसुद्धा नाही. घरी आल्यावर कारण उमगलं. बादली मी रात्रभर स्वयंपाकघरात ठेवली होती आणि उबेने फूल उमलत राहिलं होतं. निर्णय बरोबर होता, आणि नियमही बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. कडं नसतं तर पॉम्पॉन हा वर्गच उरला नसता. दरवर्षी तो दोन-दोन मिलिमीटरने वाढत गेला असता आणि मुठीत मावणाऱ्या त्या रेखीव गोळ्याची जागा कुठल्याशा मध्यम आकाराच्या फुलाने घेतली असती.

आकाराखेरीज परीक्षक काय पाहतो? मध्य घट्ट मिटलेला आहे का, की पिवळे पुंकेसर डोकावू लागलेत. पाठीमागच्या पाकळ्या ताज्या आहेत का, की कडा तपकिरी पडल्यात. फूल दांड्यावर पुढे तोंड करून, साधारण 45 अंशांच्या कोनात बसलं आहे का. आणि फुलदाणीतली तीन किंवा पाच फुलं एकमेकांशी जुळतात का: माप, रंग, उमलण्याचा टप्पा. हा शेवटचा निकष सर्वांत कठीण. एक देखणं फूल नशिबाने कुणालाही मिळतं. एकाच सकाळी, एकाच टप्प्यावर असलेली पाच फुलं नशिबाने मिळत नाहीत. म्हणूनच जायंटपेक्षा पाच पॉम्पॉनची फुलदाणी मला मोठी वाटते, आणि या पुस्तकात लहान वर्गांना जास्त पानं दिली आहेत ती विचार करूनच.

त्या सारखेपणासाठीचं काम चालतं जुलै-ऑगस्टच्या लांबलचक संध्याकाळी. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात, मधली जरा थोराड आणि दोन्ही अंगांना एकेक धाकटी. मधली राखायची, बाजूच्या दोन अंगठ्याच्या नखाने काढायच्या. कळी लहान असताना ती पुदिन्याचं पान तुटावं तशी तुटते. आठवडाभर उशीर केला तर सालीची चिरफळी निघते आणि दांड्यावर व्रण राहतो. मग पानांच्या बेचक्यांत आलेली बगलफूट काढायची. हा मामांचा शब्द मी या पुस्तकात तसाच वापरला आहे, कारण द्राक्षाच्या काडीवर आणि डेलियाच्या फांदीवर हे काम अगदी एकच आहे. जायंटच्या झाडावर तीन ते पाचच फांद्या ठेवायच्या, लहान फुलांच्या झाडावर आठ-दहा. पॉम्पॉनला याहूनही अधिक फांद्या राहू द्यायच्या आणि खताचा हात आखडता घ्यायचा, म्हणजे फूल आपल्या मापात राहतं. संध्याकाळ संपते तेव्हा बोटं हिरवी-काळी झालेली असतात आणि पायाशी शे-दीडशे कळ्यांचा सडा पडलेला असतो.

शत्रूंना पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे फक्त एकाचं नाव घेते. इअरविग हा शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा दिवसभर लपून राहतो आणि रात्री पाकळ्या कुरतडतो. बांबूच्या टोकावर गवत भरलेली छोटी कुंडी पालथी घातली की तो दिवसा तिच्यात आसरा घेतो आणि सकाळी झटकून टाकता येतो. सप्टेंबरात इथल्या प्लॉटवर डेलियांमध्ये टोप्या घातलेल्या काठ्या दिसतात, त्या याच.

शोच्या आदल्या दिवशी फुलं संध्याकाळी कापतात आणि गळ्यापर्यंत पाण्यात, गार अंधाऱ्या जागी ठेवतात. गाडीत हेलकाव्यांनी मान मोडू नये म्हणून प्रत्येक दांडा बारीक काठीला बांधायचा. पहाटे सहाला तंबूत पोचलं की लांब टेबलांवर हिरव्या फुलदाण्या मांडलेल्या असतात, आणि माणसं कमालीची शांत असतात. कुणी मऊ ब्रशने पाकळीवरचा धुळीचा कण काढत असतं, कुणी चिमट्याने पाठीमागची सुकलेली एक पाकळी. या वेळी माझं एक फूल मोडलं, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच्याकडची चार जादा फुलं असूनही मला एकही देऊ शकत नाही. मांडलेलं प्रत्येक फूल मांडणाऱ्यानेच वाढवलेलं हवं, असा नियम आहे.

या नियमाचा एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. त्या सकाळी मदत करायला बंदी आहे, म्हणून इथली माणसं मदत करतात ती मार्चमध्ये. माझ्याजवळ आज असलेल्या उत्तम जातींपैकी निम्म्याअधिक त्या लोकांनी दिल्या आहेत ज्यांच्याशी मी सप्टेंबरात स्पर्धा करते. उबेतल्या ट्रेमध्ये कंदाला डीर फुटतात, सात-आठ सेंटिमीटरचे झाले की कापून रेतीमिश्रित मातीत लावले जातात, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. एका चांगल्या कंदापासून दहा-बारा कलमं सहज होतात. आपल्याला लागतात चार. उरलेली वाटली जातात. आजोबांनी मला दिलेल्या पहिल्या सहा कलमांतूनच ती बाद झालेली तीन पॉम्पॉन आली होती. पुढच्या वर्षी त्याच जातीने मला पहिल्या क्रमांकाचं लाल कार्ड मिळवून दिलं. दुसऱ्या क्रमांकाचं निळं कार्ड होतं आजोबांच्या फुलदाणीपुढे. त्यांनी माझी फुलं मागच्या बाजूने वाकून पाहिली आणि म्हणाले, "पाठ चांगली आहे."

स्पर्धेने फुलाचं सौंदर्य उणावतं असं म्हणणारी माणसं मला भेटतात. डेलिया हे भडक, गावंढळ फूल, असंही एके काळी इथल्या अभिरुचीसंपन्न बागांत मानलं जाई. ग्रेट डिक्सटर या नामांकित इंग्लिश बागेच्या ख्रिस्तोफर लॉइड यांनी 1990 च्या दशकात आपली जुनी गुलाबबाग उपटून तिथे कर्दळी आणि डेलिया लावले तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. आज तशा बागा सगळीकडे दिसतात. प्लॉटवरच्या माणसांना या फॅशनशी कधीच कर्तव्य नव्हतं. फॅशन नसलेल्या वर्षांतही त्यांनी दर हिवाळ्यात कंद उलटे टांगले, दर मार्चला कलमं काढली. मोठ्या नर्सऱ्यांच्या यादीतून गळालेल्या कितीतरी जाती अशा माणसांच्या शेडमध्ये जिवंत राहिल्या आहेत. त्यातले बरेच जण आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझ्या साइटवर गेल्या पाच वर्षांत तीन प्लॉटवरचे डेलिया थांबले. शेड रिकामी करणाऱ्या मुलानातवंडांना ते वाळके गड्डे कसले हे ठाऊक नव्हतं.

म्हणून हे मराठीत लिहिलं. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांत अ‍ॅलॉटमेंट घेणारे वाढत आहेत. मेथी, कोथिंबीर, लाल भोपळा यांचे वाफे मी अनेक ठिकाणी पाहते. त्यांच्या कडेला एक ओळ डेलियाची यावी, ही माझी इच्छा. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथल्या तारखा उपयोगी पडणार नाहीत. तिकडे पावसाळा सरल्यावर लागवड होते आणि फुलं ऐन थंडीत येतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला जाणाऱ्यांना हे माहीत आहे. पण प्रदर्शनाची तारीख हाती घेऊन मागे मोजत येण्याची रीत तिकडेही तशीच लागू पडेल, म्हणून प्रत्येक कामाला महिन्याच्या जोडीने "शोआधी किती दिवस" हा आकडा दिला आहे.

एक विनंती. डेलियावरची पुस्तकं बहुधा वसंतात सुरू होतात. हे नोव्हेंबरात सुरू होतं आणि ते पहिलं प्रकरण कृपया वगळू नका. पहिलं कडक दहिवर पडतं तेव्हा एका रात्रीत सगळी झाडं काळी पडतात, आणि काळ्या झाडांत लाल कोणतं, पांढरं कोणतं, हे आजोबांनासुद्धा सांगता येत नाही. तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत, फूल झाडावर असतानाच, प्रत्येक बुंध्याशी जातीच्या नावाची चिठ्ठी बांधा. शाईने नको, पावसात पुसते. पेन्सिलने लिहा.